जुन्या पद्मिनीला नवं इंजिन आणि पाचवा गिअर: बसतं का, आणि चालतं का?

ठाण्याहून नाशिककडे निघालेली प्रीमियर पद्मिनी ताशी ८० किलोमीटरला पोचली की चालवणाऱ्याचा हात नकळत पुढचा गिअर शोधायला लागतो. इंजिन ओरडत असतं, काचा थरथरत असतात, आणि पुढचा गिअर काही सापडत नाही. कारण तो नसतोच. पद्मिनीला चारच गिअर. आजच्या साध्या हॅचबॅकलाही पाच असतात.

मग ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक प्रश्न हमखास निघतो: हिच्यात नंतरच्या काळातलं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला तर? बसवता येतो, हे उत्तर गॅरेजमध्ये लगेच मिळतं. अवघड प्रश्न आरटीओच्या खिडकीवर विचारला जातो. आणि खरी गंमत अशी की, बहुतेकांना जे हवं असतं ते नव्या इंजिनातून फारसं मिळत नाही, ते मिळतं पाचव्या गिअरमधून.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमकं काय?

गाडीचं इंजिन आणि मागची चाकं यांच्यामध्ये दोन ठिकाणी फेऱ्यांचा हिशेब होतो. एक गिअरबॉक्समध्ये, दुसरा मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे क्राउन-पिनियनमध्ये. जुन्या चार गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर बहुधा 'सरळ' असतो. इंजिनचा एक फेरा, प्रोपेलर शाफ्टचाही एक फेरा. ओव्हरड्राइव्ह म्हणजे याच्या पुढची पायरी. इंजिनचा एक फेरा पूर्ण व्हायच्या आतच प्रोपेलर शाफ्टचा फेरा पूर्ण होतो. आजच्या पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांत पाचवा गिअर हेच काम करतो, फक्त त्याला कोणी ओव्हरड्राइव्ह म्हणत नाही.

उदाहरणादाखल डिफरन्शियलचं प्रमाण ४.३ आणि चाकाचा घेर १.८५ मीटर धरू. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ७२० फेरे घेतं, आणि सरळ चौथ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे ३१००. आता मारुती जिप्सीच्या गिअरबॉक्समधला पाचवा गिअर घ्या. त्याचं प्रमाण ०.७९५ आहे. त्याच वेगाला इंजिन सुमारे २४५० वर येतं. ठाणे ते नाशिक हे साधारण १५० किलोमीटर सगळे त्या गिअरमध्ये गेले असं धरलं, तर इंजिनचे ७० हजारांहून जास्त फेरे वाचतात. कसारा घाटात पाचवा गिअर लागायचा नाही, तेव्हा प्रत्यक्षात आकडा कमी येईल. पण आवाज, गरमी आणि पेट्रोल यांत फरक पडतो तो याच हिशेबामुळे.

ही युक्ती नवी नाही. ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या जमान्यात एमजीबी आणि ट्रायम्फसारख्या गाड्यांना लेकॉक द नॉर्मनव्हिल नावाचा ओव्हरड्राइव्ह मिळायचा. नेहमीच्या चार गिअरच्या डब्याच्या मागे जोडलेला तो एक छोटा स्वतंत्र डबा. आत ग्रहमालेसारखी दात्यांची चक्रं, तेलाचा दाब आणि विजेचा एक सोलेनॉइड. डॅशबोर्डवरचं किंवा स्टिअरिंगजवळचं बटण दाबलं की क्लच न दाबता गाडी 'सैल' व्हायची. आज त्या गाड्यांचे मालक अनेकदा तो डबा दुरुस्त करत बसण्यापेक्षा नंतरच्या मॉडेलचं इंजिन आणि पाच गिअरचा आधुनिक गिअरबॉक्स बसवतात. तिकडे त्यासाठी तयार किट मिळतात. आपल्याकडे किट म्हणजे लेथवाला, वेल्डर आणि अनुभवी मिस्त्री.

स्पोर्ट्स कारशी भारताचं नातं अगदीच दूरचं नाही बरं का. आपल्या अँबेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज. पहिल्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्येही १४८९ सीसीचं बी-सीरिजच होतं. आपल्या रस्त्यांवर वरात, मंत्री आणि पोलीस वाहणारं इंजिन तिकडे शर्यतीत पळत होतं.

कंपनीनेच आधी करून दाखवलं होतं

पद्मिनीची कुळकथा सगळ्यांना थोडीफार माहीत असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळल्या गेल्या, मग १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० डी हे मॉडेल इटलीत १९६२ ते १९६६ एवढंच चाललं. आपल्याकडे त्याच गाडीचं आधी प्रीमियर प्रेसिडेंट झालं, १९७४ पासून पद्मिनी झालं आणि ती २००० पर्यंत बनत राहिली. तरीही मुंबई-ठाण्यात तिला पद्मिनी म्हणणारे कमीच. ती 'फियाट'च.

आतलं इंजिन १०८९ सीसी, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंग. हा आराखडा साधा आणि सोशिक आहे. टॅक्सीवाल्यांनी तो अक्षरशः लाखो किलोमीटर वापरला. पण तो तासन्‌तास ३००० च्या वर फिरवण्यासाठी नव्हता, आणि १९५० च्या दशकात त्याची गरजही नव्हती.

१९८५ मध्ये प्रीमियरने जे केलं ते आज गॅरेजमध्ये केलं तर त्याला 'इंजिन स्वॅप' म्हणतील. फियाट १२४ ची बॉडी घेतली आणि तिच्यात निसानचं ए-१२ इंजिन आणि निसानचाच गिअरबॉक्स बसवला. गाडीचं नाव ११८ एनई. त्यातलं 'एनई' म्हणजे निसान इंजिन, असं सर्रास सांगितलं जातं. हे इंजिन ११७१ सीसीचं, ५२ अश्वशक्तीचं, पाच मेन बेअरिंगचं. जपानमध्ये ते १९७० च्या डॅटसन सनीत आलं होतं. म्हणजे एका इटालियन गाडीला जपानी हृदय, आणि दोन्हींवर कुर्ल्याच्या कंपनीचा शिक्का.

हिंदुस्तान मोटर्सनेही तेच केलं. १९८४ ची काँटेसा आली तेव्हा तिच्या लांबलचक नाकाखाली अँबेसेडरचंच जुनं इंजिन होतं, आणि ते तिला ओढताना दमायचं. नंतर तिला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तेव्हा कुठे ती दिसत होती तशी चालायला लागली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच जोडी अँबेसेडरमध्येही आली. भारतातलं 'जुन्या अंगात नवं इंजिन आणि ओव्हरड्राइव्ह' याचं सर्वांत यशस्वी उदाहरण कोणतं म्हणाल, तर हेच.

डोंबिवलीकरांसाठी यात एक उपकथा आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरचं प्रीमियर ग्राउंड आज सभा आणि महोत्सवांसाठी माहीत आहे. ते नाव याच कंपनीचं. १९९० च्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवली. तिला पाच गिअर होते, चांगलं पेट्रोल इंजिन होतं, आणि एक १५२७ सीसीचं डिझेलही होतं. ते डिझेल पुढे मारुतीने एस्टीम आणि झेनमध्येही वापरलं. पण १९९७ मध्ये प्यूजो बाहेर पडली आणि गाडी बंद झाली. आता वाटेल की घरचाच पाच गिअरचा डबा आहे, तर तोच पद्मिनीत बसवावा. तो बसत नाही. का, ते पुढे येतं.

मग कोणतं इंजिन बसतं?

पद्मिनीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं. त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, मग मागची चाकं. १९८० नंतरच्या बहुतेक लहान मोटारींत सगळा कारभार उलटा आहे. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याला चिकटून, आणि ओढतात ती पुढची चाकं. प्यूजो ३०९ अशीच होती. झेन, एस्टीम, इंडिका, सँट्रो, सगळ्या अशाच. त्यामुळे बाजारात इंजिनं ढीगभर दिसली तरी पद्मिनीच्या कामाची थोडीच.

उरतात ती अशी. ११८ एनईचं निसान इंजिन, म्हणजे घरातलंच. अँबेसेडर किंवा काँटेसाचं इसुझू, जे पद्मिनीच्या मानाने मोठं आणि जड. आणि मारुतीच्या मागची चाकं फिरवणाऱ्या गाड्या: जिप्सीचं १२९८ सीसी आणि ईकोचं १२०० सीसीच्या आसपासचं इंजिन, दोन्हींना पाच गिअर. जिप्सी तर फोर-व्हील ड्राइव्ह, मग तिचा गिअरबॉक्स कसा चालेल? चालतो, कारण तिच्यात चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला असतो. तो सोडून दिला की उरतो तो साधा, सरळ पाच गिअरचा डबा.

निसान इंजिनाचा मोठा फायदा म्हणजे ते आकाराने आणि ताकदीने पद्मिनीच्या जवळचं आहे. सुमारे ९०० किलोच्या गाडीला ४० ऐवजी ५२ अश्वशक्ती मिळाली तर मागचा अ‍ॅक्सल आणि ब्रेक कुरकुरतील, पण मोडून पडणार नाहीत. जिप्सीच्या एमपीएफआय इंजिनाची ताकद ८० अश्वशक्ती, म्हणजे मूळच्या दुप्पट. इथे गोष्ट बदलते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ताकद दुप्पट करून ब्रेक तेच ठेवणं हा शौक नाही, धोका आहे. इंजिन बदलायचं तर पुढे डिस्क ब्रेक, मागचे हाफ-शाफ्ट, रेडिएटर आणि पेट्रोल पंपाची वायरिंग हे सगळं ओघाने येतंच. खर्चाचा अंदाज 'इंजिन कितीला पडलं' यावर बांधणारे इथेच फसतात.

प्रत्यक्ष काम कुठे अडतं? पहिली अडचण तेलाच्या चेंबरची. त्याचा खोलगट भाग कुठे आहे आणि पुढचा क्रॉसमेंबर कुठून जातो, हे जुळलं नाही तर इंजिन खाली बसतच नाही. दुसरी, सायलेन्सरचा पाइप कोणत्या बाजूने निघतो आणि तो स्टिअरिंगच्या दांड्यांना भिडतो का. मग इंजिनची फाउंडेशन नव्याने बनवून वेल्ड करायची. क्लच, पाइपिंग, स्पीडोमीटरची केबल जुळवायची. गिअर आणि क्राउन-पिनियनचं प्रमाण बदललं की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. गाडी ९० वर असते आणि काटा ७५ दाखवतो.

सर्वांत दुर्लक्षित भाग मात्र प्रोपेलर शाफ्ट. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी, त्यामुळे शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागतो. जोडल्यावर तो मशीनवर बॅलन्स झालाच पाहिजे. शिवाय गिअरबॉक्सचा शेवट आणि डिफरन्शियलचं तोंड यांचे कोन जुळले पाहिजेत, नाहीतर ६० च्या पुढे गाडीत घुमणारी थरथर येते आणि क्रॉस-जॉइंट लवकर खलास होतात. 'इंजिन बदललं तेव्हापासून गाडी थरथरते' या तक्रारीचं मूळ अनेकदा इंजिनात नसतंच.

आणि तो गिअरचा दांडा. पद्मिनीचा गिअर बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खांबावर असतो, ज्याला हँड गिअर म्हणतात. म्हणून तर पुढे एकसंध बाक आणि त्यावर तिघं मावायची. शेवटच्या काळातल्या एस-१ मॉडेलमध्ये गिअर खाली आला आणि पुढे वेगळ्या सीट आल्या. नवा गिअरबॉक्स बसवायचा तर मधल्या बोगद्याला भोक पाडून दांडा खाली आणावा लागतो, आणि पुढचा बाक जातो. फियाटची निम्मी मजा त्या बाकात होती असं मानणाऱ्यांना हे पटत नाही, आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही.

आता कायद्याचं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ याबाबत स्पष्ट आहे. निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. आरसीवर काय असतं? इंजिन नंबर, चॅसी नंबर, इंधन, इंजिनची क्षमता. १०८९ सीसीच्या जागी ११७१ किंवा १२९८ आलं की ती ओळ बदलली.

जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याआधी केरळ उच्च न्यायालयाने काही बदलांना मोकळीक दिली होती, ती रद्द झाली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातलं कलम १८२-अ बदललं. त्यानुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे, ते इंधनबदलाचं. ठरलेल्या अटी पाळून मान्यताप्राप्त सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवता येतं. मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी याच वाटेने सीएनजीवर गेल्या. मूळचंच इंजिन खराब झालं म्हणून त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवणं ही गोष्टही वेगळी. त्यासाठी आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नवा इंजिन नंबर. आधी बसवून मग 'बघू' म्हणणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण जुन्या इंजिनाची कागदपत्रं आणि विकणाऱ्याचं बिल नंतर मिळवणं कठीण. भंगारातून आलेल्या इंजिनाचा नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर प्रकरण आरटीओतून थेट पोलिसांत जातं.

हे लपून राहील असंही नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ठाण्यात एमएच ०४ असो की कल्याणात एमएच ०५, गाडी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे इंजिन आणि चॅसीचे नंबर पाहिले जातात. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आली. विम्याचंही तसंच. पॉलिसी १०८९ सीसीच्या गाडीची आणि अपघात झाला १२९८ सीसीच्या गाडीला, तर कंपनी दावा नाकारू शकते.

पन्नाशी गाठलेल्या गाडीचं गणित वेगळं

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा मोटार 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही खास अक्षरं. १९७४ मधली पहिली पद्मिनी २०२४ मध्ये या वयाला पोचली. फियाट नावाच्या तिच्या थोरल्या बहिणी तर केव्हाच पात्र झाल्या.

पण अट आहे: गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नको. म्हणजे ज्या दिवशी जुनं १०८९ सीसी इंजिन काढून भंगारवाल्याला दिलं, त्या दिवशी गाडीचा हा हक्कही त्याच्याबरोबर गेला. याची दुसरी बाजूही आहे. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. रोज डोंबिवलीहून ठाण्याला फियाटनेच जायचं असेल तर व्हीए नंबर कामाचा नाही.

मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्याने खासगी गाड्यांवर थेट बंदी आली नाही, पण टॅक्सी होत्या तोवर पिस्टनपासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्याला रोजचं गिऱ्हाईक होतं. आता जुनं मूळ इंजिन हीच जपायची वस्तू झाली आहे.

मधला मार्ग

कलम ५२ आणि विंटेजचे नियम, दोन्हींची भाषा नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. रोख इंजिन, चॅसी आणि बॉडीवर आहे. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो. क्राउन-पिनियनचाही नसतो. महामार्गावर गाडी शांत पळावी एवढीच इच्छा असेल, तर मूळ इंजिन व्यवस्थित बांधून घेऊन त्याच्यामागे पाच गिअरचा डबा लावणं, किंवा फक्त डिफरन्शियलचं प्रमाण थोडं कमी करणं, हा त्यातल्या त्यात कमी कटकटीचा रस्ता आहे. इंजिन आणि परका गिअरबॉक्स जोडायला मध्ये एक जाड अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते. ती लेथवर अचूक व्हायला हवी. इनपुट शाफ्ट केसभर जरी तिरका बसला तरी क्लच आणि बेअरिंग दोन्ही खातो. आणि बोगद्याला पाडलेलं भोक हा बॉडीतला बदल मानला जाईल का, हे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं, तेही लेखी.

याला मर्यादा आहे. ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला २४५० फेऱ्यांवर सपाट रस्ता जमतो, चढ नाही. भिवंडी बायपासवर पाचवा गिअर सुखाचा वाटेल, शहापूर सोडून कसाऱ्याचा चढ लागला की चौथा, मग तिसरा घ्यावा लागेल. डिफरन्शियल बदललं असेल तर त्याहून पंचाईत, कारण मग सगळेच गिअर लांबतात आणि गाडी भरलेली असताना पहिल्यावरही क्लच जळायला लागतो. म्हणून मिस्त्री बहुधा वेगळ्या पाचव्या गिअरची बाजू घेतात.

ज्यांचं इंजिन आधीच बदललेलं आहे, किंवा ज्यांनी तशीच गाडी विकत घेतली आहे, त्यांनी पहिलं काम करावं ते आरसी आणि ब्लॉकवरचा नंबर समोरासमोर ठेवून बघण्याचं. जुळत नसेल तर कागदपत्रं सावरेपर्यंत पैसे पुढे सरकवू नयेत. आणि मूळ इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात अजून पडलेलं असेल, तर ते तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाडीबरोबरच घरी न्यावं.